शाळूचा उतार आणि हिशेबाबाहेरचा कडबा

राज्याची आर्थिक पाहणी हाती आली की मी आधी ज्वारीचा तक्ता उघडतो. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक रान ज्वारीखाली होतं. आता ते २० लाखांच्याही खाली आलं आहे. देशाचा आकडा १९७०च्या सुमारास १ कोटी ७० लाख हेक्टरांच्या आसपास होता, आज ४० लाखांच्या आगेमागे. उत्तरेत सातूचंही असंच झालं. ३० लाख हेक्टरांवरून तो ६ लाखांच्या घरात आला, पण त्याला निदान माल्टच्या कारखान्यांनी हात दिला. आपल्या शाळूच्या, म्हणजे रब्बीच्या ज्वारीच्या, पाठीशी कुणीच उभं राहिलं नाही.

खरिपाच्या ज्वारीची कथा थोडक्यात आटोपते. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं, मागून सीएसएच-५ आणि सीएसएच-९ आली, विदर्भ-मराठवाड्यात उतारा वाढला. पण काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की दाणा काळा पडायचा. पुढे सोयाबीन आलं आणि खरिपाचं रान त्याने घेतलं.

रब्बीची गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगायची तर नगर जिल्ह्याइतकी दुसरी योग्य जागा नाही. (अहिल्यानगर हे नाव आता झालं, अहिल्यादेवींचं चौंडी आमच्या शाळूच्याच पट्ट्यात, जामखेड तालुक्यात आहे.) उत्तरेला १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहिले, १९५०मध्ये लोणीला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. तिकडचा शाळू तेव्हाच मागे हटू लागला. दक्षिणेला जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी आणि नगर तालुक्यात वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बराचसा परतीचा. तिथल्या काळ्या रानाने शाळू टिकवला.

या पट्ट्याचं राज्य मालदांडीचं. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं ३५-१ हे वाण अजून शेतात उभं आहे. मोत्यासारखा पांढरा टपोरा दाणा, न चिरता थापली जाणारी भाकरी आणि जनावर बुडापासून शेंड्यापर्यंत खाऊन टाकेल असा कडबा, हे तिन्ही एका ताटात मिळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही जमिनीच्या खोलीनुसार वाणं दिली: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, पाण्याखाली फुले रेवती. हे काम मोठं आहे आणि त्याचा गौरव फार कमी झाला.

पण वाणापेक्षा मी आयुष्यभर जिची बाजू मांडत आलो, ती कोळपणी. शाळू पावसावर येत नाही, साठलेल्या ओलीवर येतो. हस्ताच्या आगेमागे पाभरीने पेरलं की वरून थेंब पडला नाही तरी पीक काढायचं असतं. म्हणून पीक ३ आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्याला अखंड फासाचं आणि आठव्याला दातेरी. तोवर काळी जमीन भेगाळायला लागलेली असते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. दातेरी कोळपं भेगा मातीने बुजवतं. माझे वडील भेगेत हात घालून ओल किती खाली गेली ते पाहत आणि मगच बैल जुंपत. आज बैल विकले गेले, पीक उंच झाल्यावर ट्रॅक्टर आत जात नाही, आणि तिसरी कोळपणी जवळजवळ गेलीच. वाण जुनं झालं म्हणून उतारा पडतो, असं सांगणाऱ्यांनी एकदा बिनकोळपणीच्या रानातल्या भेगा पाहाव्यात.

ज्वारी का गेली, याचं उत्तर आमचे काही अर्थतज्ज्ञ एका दमात देतात: हाती पैसा आला, लोक गव्हाकडे वळले. मला ते कधीच पटलं नाही. अलीकडे चांगला शाळू बाजारात गव्हाहून महाग विकला गेला आहे. खाणारा तर आहे. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळच मिळाला, हे एक कारण. १९७२च्या दुष्काळात आम्ही अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. त्या मिलोच्या भाकरीने सरकारी ज्वारीचं नाव एका पिढीच्या मनातून उतरलं.

दुसरं कारण काढणी. शाळू उपटून काढावा लागतो. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, खरखरीत ताटं हातात धरून, वाकून. मग पेंढ्या बांधा, कणसं मोडा, मळणी करा. उक्तं दिलं तर मजुरीतच पिकाचे पैसे जातात, आणि ऐन वेळी माणसं कांद्याच्या काढणीला गेलेली असतात.

तिसरं कारण पाखरं. शिवार सगळं ज्वारीचं होतं तेव्हा पाखरांनी खाल्लेलं सगळ्यांत वाटलं जायचं. आता गावात दोन-चारच वावरं उरली की सगळे थवे तिथेच उतरतात. माळ्यावर गोफण घेऊन बसणारं पोर शाळेत गेलं, ते योग्यच झालं. पण राखणीला माणूस उरला नाही आणि उरलेल्यांनीही पेरा सोडला. गुळभेंडी, कुचकुची, सुरती ही हुरड्याची वाणं अशीच आटत गेली.

आणि सगळ्यांत मोठी चूक हिशेबाची आहे. हेक्टरी उताऱ्याच्या तक्त्यात दाणा मोजतात, कडबा मोजत नाहीत. शाळूचा कडबा वजनाने दाण्याच्या दोन-अडीच पट निघतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ साली याच जिल्ह्यात गावोगाव चारा छावण्या उभ्या राहिल्या. सरकारने चाऱ्यावर कोट्यवधी खर्च केले. तो चारा शेतात पिकत होता तेव्हा मात्र त्याला कुणी उत्पादन म्हटलं नाही. आज दुधाच्या गाईंना उसाचं वाढं आणि मक्याचा मुरघास घालतात. दोन्हींना पाणी लागतं, तेही नेमकं दुष्काळात नसणारं.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. शहरांत ज्वारीची बिस्किटं आली, भाषणं झाली. २०२५-२६ साठी हमीभाव संकरित ज्वारीला ३६९९ रुपये आणि मालदांडीला ३७४९. भाकरीच्या दाण्याचं मोल क्विंटलमागे ५० रुपये जास्त. सत्कार समारंभांऐवजी मला तीन गोष्टी हव्या आहेत: उताऱ्याच्या तक्त्यात कडब्याचा रकाना, उंच शाळू मुळासकट किंवा बुडातून काढून पेंढ्या बांधणारं परवडेल असं यंत्र, आणि दक्षिण नगरच्या रेशन दुकानांत इथलीच ज्वारी, सुगीतच इथे खरेदी केलेली. हे तिन्ही झालं आणि तरीही पेरा घटला, तरच लोकांना शाळू नको आहे, हे म्हणणं मी मान्य करीन.