आईला स्मृतिभ्रंश, म्हणून मलाही होणारच?

आईला किंवा वडिलांना स्मृतिभ्रंश झाला की मुलांच्या मनात एक भीती घर करते. पन्नाशीत शेजाऱ्याचं नाव पटकन आठवलं नाही, तरी पोटात गोळा येतो. मग 'आमच्या घराण्यातच आहे' हे वाक्य निदान झाल्यासारखं बोललं जातं. ते निदान नव्हे.

जनुकातल्या एकाच दोषामुळे अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, जवळजवळ अटळ होतो, अशी घराणी आहेत. पण ती फार विरळ, आणि तिथे आजार बहुधा साठीच्या आतच गाठतो. बाकीच्यांमध्ये चर्चा असते ती एपीओई जनुकाची. त्याचं ई-४ हे रूप आई किंवा वडिलांकडून आलं तर धोका वाढतो. दोघांकडूनही आलं तर बराच वाढतो. तरीही ई-४ असलेल्या कितीतरी जणांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते.

ब्रिटनमधल्या साठीपुढच्या सुमारे १,९६,००० जणांवर साधारण आठ वर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आनुवंशिक धोका सर्वांत जास्त असलेल्या गटात, राहणी वाईट असलेल्या हजारांपैकी सुमारे १८ जणांना स्मृतिभ्रंश झाला. धूम्रपान नाही, नियमित व्यायाम, नीट आहार, मद्य बेताचंच, अशी राहणी असलेल्यांत हजारी सुमारे ११ जणांना. म्हणजे त्या आठ वर्षांत दोन्हीकडे हजारातले ९८० हून अधिक जण तोच धोका बाळगूनही या आजारापासून दूर होते. ही बाजू घाबरलेल्या मुलांना कोणी सांगत नाही.

चीनमध्ये २००९ ते २०१९ या काळात २९,०७२ ज्येष्ठांची स्मृती पुन्हा पुन्हा तपासली गेली. पाचातल्या एकाकडे ई-४ होतं. सहा सवयी मोजल्या: आहार, व्यायाम, भेटीगाठी, वाचन-लेखन किंवा पत्ते खेळण्यासारखं डोक्याला काम, धूम्रपान टाळणं, मद्य न घेणं. चार किंवा अधिक सवयी असलेल्यांची स्मृती, एखादीच सवय असलेल्या किंवा एकही नसलेल्यांपेक्षा सावकाश ढळली, ई-४ असलेल्यांचीही. सर्वांत मोठा वाटा आहाराचा, त्याखालोखाल डोक्याच्या कामाचा, मग व्यायामाचा आणि भेटीगाठींचा. आपण मात्र मायेपोटी 'आजी, तुम्ही नुसत्या बसा' म्हणतो, आणि भाजी आणणं, हिशेब, लग्नकार्याला जाणं एकेक करून त्यांच्या हातून काढून घेतो. हे थांबायला हवं.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक: नीट राहिलं की आजार होतच नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात आनुवंशिक धोका कमी किंवा मध्यम असलेल्यांना चांगल्या राहणीचा फायदा दिसला. जास्त धोका असलेल्यांत तो दिसला नाही. शिवाय अशा निरीक्षणांत एक अडचण कायम असते. माणूस चालतो म्हणून मेंदू चांगला, की मेंदू अजून चांगला आहे म्हणून तो चालतो? म्हणून फिनलंडमधला प्रयोग मला मोलाचा वाटतो. तिथे ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब वगैरेंवर देखरेख असं सगळं एकत्र दिलं, दुसऱ्याला नेहमीचा आरोग्यसल्ला. पहिल्या गटाची आकलनशक्ती अधिक चांगली राहिली. फरक लहान होता, पण खरा होता. फायदा इतका लहान असताना आजारी माणसाच्या घरच्यांना 'ते फिरायला जात नव्हते ना' असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे, आणि शास्त्राला धरूनही नाही.

बुद्धिवर्धक गोळ्यांबद्दल थोडक्यात: अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या तीन हजारांवर ज्येष्ठांना काही वर्षं जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची किंवा नुसतीच बिनऔषधाची गोळी देऊन पाहिली. जिंकोने स्मृतिभ्रंश रोखला नाही.

राहिली 'साठी बुद्धी नाठी'. नाव आठवायला वेळ लागणं हे वयाचं. रोजच्या वाटेवर घर न सापडणं हे वयाचं नव्हे. तिथे डॉक्टरांकडे जायलाच हवं, कारण ब-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य किंवा चालू औषधांचा परिणामही असाच दिसू शकतो, आणि त्यावर उपाय असतो. शाकाहारी घरांत ब-१२ ची तपासणी आवर्जून करावी. ऐकू कमी येत असेल तर तेही आधी पाहावं: मध्यम वयातला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत गणला जातो, आणि श्रवणयंत्र लावायला ई-४ आहे की नाही हे माहीत असण्याची गरज नसते.