सेवकांना न्याय मिळतो का? मोजून पाहा!

आमचे शिरढोण हे आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ते पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीस असताना आई आजारी पडली. रजा वेळेवर मिळाली नाही आणि आईची शेवटची भेट हुकली. वरिष्ठांचा अन्याय मनात किती खोल उतरतो, हे सांगायला दुसरे उदाहरण नको.

आज मी लिहितो आहे ते बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळा-वसतिगृहांतील सेवकांविषयी. भरवणे, आंघोळ घालणे, फिट आली की सांभाळणे, ही त्यांची रोजची कामे. अनेक मुलांना कुठे दुखते ते सांगता येत नाही; सवयीच्या माणसालाच ते चेहऱ्यावरून कळते. असा माणूस नाराज होऊन गेला, तर नुकसान मुलाचे होते.

प्रश्न फक्त पगाराचा नसतो. अमेरिकन संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी २००६ मध्ये परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेतनपद्धती बदलून मिळकत घटली, तेव्हा त्यांची झोप उडाली. मात्र ज्यांच्या वरिष्ठांना न्यायाने वागण्याचे प्रशिक्षण दिले होते, त्यांचा निद्रानाश बराच कमी राहिला.

मग हा न्याय मोजायचा कसा? जेसन कोलक्विट यांच्या २००१ च्या प्रश्नावलीत त्याची चार अंगे आहेत. कष्टाच्या मानाने मोबदला मिळतो का? नियम सर्वांना सारखे आहेत का? वरिष्ठ आदराने बोलतात का? निर्णयाची खरी कारणे वेळेवर सांगतात का? प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण.

संस्थाचालकांना माझे सांगणे असे :

• कागदावर नाव नको, आकड्याला फक्त गोल करावा. पेटी बाहेरच्या व्यक्तीने उघडावी.

• शिक्षक, आया आणि रात्रपाळीचे सेवक यांचे गुण वेगळे काढावेत. एकत्र सरासरीत आयांचे गाऱ्हाणे बुडते. गटात दोन-तीनच माणसे असतील तर मात्र वेगळे काढू नयेत, ती ओळखू येतात.

• निकाल सर्वांना वाचून दाखवावा आणि निदान एक गोष्ट लगेच सुधारावी. उदाहरणार्थ, रजेच्या अर्जाला ठरलेल्या दिवसांत कारणासह लेखी उत्तर.

• सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे.

विचारून काहीच न करणे हे न विचारण्याहून वाईट.

आणि पालकहो, संस्थेची इमारत जरूर पाहा. पण वर्षभरात किती सेवक सोडून गेले आणि का, हेही विचारा.