आधी उतार, मग ट्रॅक्टर

मे महिना लागला की कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या पूर्वेकडचे डोंगर पिवळे पडतात. इथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तेवढे दिवस सगळं हिरवंगार, आणि मग पुढचे पाच-सहा महिने आभाळातून थेंब नाही. मिशन पीकचा पायथा, नाइल्स कॅन्यनची बाजू, डोंगरापलीकडचं सुनोल, त्याच्याही पुढे लिव्हरमोर या पट्ट्यात मोठी जागा घेणाऱ्यांत आता आपली माणसंही आहेत. कुणाची एकर-दीड एकर, कुणाची पाच, कुणाची दहा. पहिला हिवाळा हौसेत जातो. मार्च-एप्रिलमध्ये रानटी ओट कमरेला लागतो आणि घरात विषय निघतो की ट्रॅक्टर घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता.

बहुतेकांची चर्चा हॉर्सपॉवरपासून सुरू होते. माझ्या मते तो शेवटून दुसरा प्रश्न आहे. जमिनीचा उतार किती, माती कसली, आणि गवत नेमकं कुठल्या पंधरवड्यात कापायचं आहे, हे आधी कळलं पाहिजे. फ्रीमाँटच्या डोंगरावर ही तीन उत्तरं मिळाली की निम्मी यंत्रं आपोआप यादीतून गळतात.

गवताचं आधी बोलू, कारण इथे ते शोभेसाठी कापत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार वणव्याचा धोका असलेल्या डोंगराळ भागात घराभोवती १०० फुटांपर्यंत सुरक्षित मोकळी जागा राखावी लागते, आणि त्या जागेतलं गवत चार इंचांपेक्षा उंच ठेवता येत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजा पडून लागलेली आग याच डोंगररांगांत पसरली. अलामेडा, सांता क्लारा आणि शेजारच्या काउंट्यांत मिळून सुमारे ३ लाख ९६ हजार एकर जळाले. फ्रीमाँटमधल्या अंगणांत त्या दिवसांत राख पडत होती.

आणि गवत कापणारं यंत्रच आग लावू शकतं. पोलादी पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. वाळलेल्या ओटाला तेवढं पुरतं. म्हणून राज्याचं अग्निशमन खातं, कॅल फायर, बजावून सांगतं की कापणी सकाळी दहाच्या आत उरका, वारा असेल किंवा हवा फार कोरडी असेल तर यंत्राला हात लावू नका, आणि लॉन मोअर हिरवळीसाठी आहे, वाळल्या रानासाठी नाही. वाळलेलं गवत कापायचंच असेल तर दोरीचा ट्रिमर. पेट्रोल इंजिनाच्या यंत्राला ठिणगी अडवणारी जाळी हवी. पाण्याची नळी आणि फावडं हाताशी हवं. हे वाचून कुणाला अतिरेक वाटेल, पण आपल्याकडे वन खातं उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढतं ती याच भीतीने.

म्हणजे गवत वाळायच्या आत कापलं पाहिजे. मग फेब्रुवारीतच का नको? कारण माती. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या या टेकड्यांवर बरीच जमीन चिकण आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानाची ज्याला ओळख आहे त्याला हिचं वागणं सांगावं लागणार नाही. ओल्या उतारावर ट्रॅक्टर घातला तर चाकोऱ्या पडतात, चाक घसरतं, आणि पुढच्या पावसात त्याच चाकोऱ्यांतून पाणी माती घेऊन उतरतं. शिवाय फार लवकर कापलेलं गवत उरल्या ओलीवर पुन्हा उठतं. वाफसा आलाय आणि गवत अजून हिरवं आहे, असे दिवस एप्रिल-मेमध्ये थोडेच मिळतात. उशिरा पाऊस झाला तर तेही पुढेमागे होतात. यंत्र निवडताना एकरांचा आकडा या थोड्या दिवसांशी ताडून बघायचा असतो.

त्याचं गणित सोपं आहे. पात्याची रुंदी फुटांत घ्या, तिला ताशी मैलांच्या वेगाने गुणा आणि दहाने भागा. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरून तासाला साधारण तितके एकर होतात. ढकलायचा २१ इंची मोअर तीन मैलांच्या चालीने तासाला अर्धा एकर, तोही सपाटीवर आणि आखूड गवतात. बसून चालवायचा ४२ इंची मोअर, एक एकर. ट्रॅक्टरमागचा चार फुटी रोटरी कटर, सव्वा एकर. उंच, दाट ओटात वेग निम्म्यावर येतो हे धरलं, तरी दोन एकरांचं काम चार फुटी कटरने तीन-साडेतीन तासांचं आहे. वर्षातून दोनदा. एवढ्यासाठी पंधरा-वीस हजार डॉलरचा ट्रॅक्टर दारात उभा करायला मी कुणाला सांगणार नाही.

आता उतार. तो डोळ्यांनी मोजू नये, डोळा नेहमी कमी सांगतो. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, तिचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, स्पिरिट लेव्हलने पट्टी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजा. २७ सेंटिमीटर भरलं तर उतार १५ अंशांचा आहे. बसून चालवायच्या बहुतेक मोअरची पुस्तिका याच आकड्यावर थांबायला सांगते. जागेत आठ-दहा ठिकाणी मोजा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा, सरासरी नको. मिशन पीकच्या अंगावरच्या कित्येक जागा या परीक्षेत नापास होतील. त्या भागात यंत्राने जायचंच नाही. तिथे ब्रश कटर खांद्याला लावून माणूस जाईल किंवा शेळ्या.

झिरो-टर्न मोअर दुकानात फार आवडतो, जागच्या जागी गिरकी घेतो म्हणून. पण त्याची पुढची चाकं मोकळी फिरणारी असतात. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर. उतारावर मागची चाकं घसरली की स्टिअरिंगही गेलं आणि ब्रेकही गेला. सपाट अंगणाला तो उत्तम, या डोंगराला नको.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे, पण तोही कलंडतो. बसून चालवायचं यंत्र उतारावर उभं, म्हणजे वर-खाली चालवायचं. ढकलायचा मोअर मात्र आडवा न्यायचा, म्हणजे पाय घसरला तर यंत्र अंगावर येत नाही. पुढे लोडर असेल तर बादली जमिनीलगत ठेवायची. भरलेली बादली उचलून वळणं हा ट्रॅक्टर उलटवण्याचा हमखास मार्ग आहे. पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. लोडरमध्ये माती भरून उतरताना मागची बाजू हलकी होते आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर सरकतो. फोर-व्हील ड्राइव्ह आधीच टाकलेला असेल तर चारही चाकं धरतात. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे पेडलने वेग कमी-जास्त होणाऱ्या ट्रॅक्टरचं पेडल सोडलं की तो मंदावतो, नवख्याला ते सोयीचं. पण उतारावर रेंज (मंद-जलद गिअर) बदलायला गेलं आणि दांडी न्यूट्रलमधून गेली की चाकं मोकळी सुटतात. रेंज सपाटीवरच निवडायची.

आणि डोक्यामागचा तो पोलादी कमान-दांडा, म्हणजे रॉप्स. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना तो सक्तीचा केला. अमेरिकेत ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या आणि २० हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरवर नोकर बसवायचा असेल तर तो लागतो, आणि १९८५ च्या सुमारास कंपन्यांनी स्वतःहून सगळ्याच मोठ्या-मध्यम ट्रॅक्टरना लावायला सुरुवात केली. रॉप्स आणि सीटचा पट्टा दोन्ही असतील तर उलटलेल्या ट्रॅक्टरखालचा मृत्यू जवळजवळ टळतो. फांद्यांखालून जायला रॉप्स दुमडता येतो. दुमडलेला असताना पट्टा बांधायचा नाही आणि झाडं संपली की लगेच उभा करायचा. जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय पण रॉप्स नाही, असं असेल तर त्या मॉडेलचा रॉप्स बाजारात मिळतो का ते आधी विचारा. मिळत नसेल तर सोडून द्या. गावाकडे मडगार्डवर पोराबाळांना बसवून रानात जायची सवय आपल्यातल्या अनेकांना आहे, प्रेमाची आठवण आहे ती. इथे आणि तिथेही ती मोडावी. एका सीटवर एकच माणूस.

छोटा ट्रॅक्टर ही चीज मुळात छोट्या शेतकऱ्याची. कुबोटाने जपानच्या भातखाचरांसाठी घडवलेला ट्रॅक्टर १९६९ मध्ये अमेरिकेत आणला, तेव्हा इथल्या कंपन्यांचं लक्ष मोठ्या शेतांकडे होतं. पाच-दहा एकरवाल्याला मापाचं यंत्र मिळालं आणि एक नवी बाजारपेठच उभी राहिली. महिंद्रा १९९४ मध्ये टेक्सासमधून इथल्या बाजारात उतरली. मुंबईच्या कांदिवलीत ट्रॅक्टर बनवणारी कंपनी म्हणून आपल्याला तिची ओढ वाटणं साहजिक आहे. खरेदी करताना एवढं ठाऊक असावं की इथे महिंद्राच्या नावाने विकले गेलेले बरेच छोटे ट्रॅक्टर कोरिया आणि जपानमधल्या कारखान्यांतून आलेले आहेत. म्हणून ते वाईट ठरत नाहीत. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ कुठे मिळते, हा प्रश्न मात्र नावापेक्षा मोठा आहे. जपानहून वापरून आलेले, इथे कधी अधिकृत विकलेच न गेलेले ट्रॅक्टरही स्वस्तात दिसतात. त्यांचे भाग शोधत बसण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या मनात मापाची एक कल्पना पक्की असते: पंधरा-अठरा हॉर्सपॉवर, दोन ओळींमधल्या नऊ-दहा फुटांत सहज फिरणारा, मागे ब्लोअर. ती कल्पना इथे अर्धीच लागू पडते. तिथलं काम फवारणीचं, बहुधा सपाट रानातलं. इथे त्याच शक्तीच्या ट्रॅक्टरकडून लोडरने खडी ओढण्याची, कुंपणाचे खड्डे घेण्याची आणि कमरेएवढं गवत कापण्याची अपेक्षा असते. त्यामुळे वजन आणि रुंदी जास्त हवी. मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवण्याची गावाकडची रीत इथेही चालते, आणि उतारावर तर ती मोलाची आहे, कारण ते वजन खाली राहतं. बर्फाच्या राज्यांत पाणी गोठू नये म्हणून दुसरं द्रव्य घालतात. फ्रीमाँटच्या हवेत साधं पाणी बहुधा निभतं.

हॉर्सपॉवरकडे आता वळू. जाहिरातीतला आकडा इंजिनाचा असतो. कटर फिरवतो तो पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा. इंजिन २२-२४ चं असेल तर पीटीओवर १७-१८ मिळतात. रोटरी कटरला रुंदीच्या फुटामागे चार ते पाच पीटीओ हॉर्सपॉवर लागतात, म्हणजे या ट्रॅक्टरला चार फुटी कटर ठीक, पाच फुटी नको. दुकानात २४-२५ हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर इतके का दिसतात याचंही कारण आहे: साधारण २५ च्या वर डिझेल इंजिनाला प्रदूषणाचे कडक नियम लागतात आणि धुराची काजळी पकडणारा फिल्टर येतो. तो फिल्टर अधूनमधून तापवून जाळून साफ व्हावा लागतो. आठवड्यातून अर्धा तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला हे मानवत नाही. पाच-सात एकरांच्या आतल्या जागेला मी २५ च्या खालचाच सुचवेन.

पेट्रोलवरच्या यंत्रांचं वेगळं आहे. २०२१ मध्ये झालेल्या कायद्यावरून राज्याने ठरवलं की १ जानेवारी २०२४ पासून बनणारी छोट्या पेट्रोल इंजिनांची बहुतेक नवी बागकाम यंत्रं धूर न सोडणारी असली पाहिजेत. हाताशी असलेलं जुनं यंत्र वापरायला बंदी नाही. नवा मोअर किंवा ब्रश कटर घेणार असाल तर आता बॅटरीचाच विचार करा, आणि एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढची यंत्रं त्याच बॅटरीवर चालणारी घ्या. डिझेल ट्रॅक्टर या नियमात येत नाही.

माझा हिशोब असा. दोन एकरांपर्यंत आणि उतार सौम्य असेल तर बसून चालवायचा मोअर घराजवळ, बाकीला ब्रश कटर. तीन ते सात एकर, वर्षभर खडी-माती-लाकूड हलवण्याचं काम आणि उतार आटोक्यात असेल तर २५ च्या खालचा, फोर-व्हील ड्राइव्हचा, लोडरवाला ट्रॅक्टर. पैसे देण्याआधी विक्रेत्याला म्हणा, तुझा ट्रॅक्टर माझ्या जागेवर आणून दाखव. जो येईल तो पुढे दुरुस्तीलाही येण्याची शक्यता जास्त.

आणि जागा तीव्र उताराची असेल, तर काहीच घेऊ नका. ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट आपल्या हजारो एकर गवताळ टेकड्यांवर गायी-गुरं आणि जागोजागी शेळ्या-मेंढ्या चारून गवत आटोक्यात ठेवतं. मिशन पीकला चढताना वाटेत गायी भेटतात त्या याच कामावर असतात. खासगी जागांवर शेळ्यांचे कळप आणून देणारे आणि एकरी दराने गवत कापून देणारे लोक या भागात आहेत. मात्र वाफसा सगळ्यांच्याच जमिनीला एकाच सुमारास येतो आणि एप्रिलमध्ये फोन केला तर तारीख जूनमधली मिळते, तेव्हा गवत वाळलेलं असतं. फेब्रुवारीत, पाऊस चालू असतानाच, नाव नोंदवून ठेवावं.