पांढऱ्या फेरेटला काय दिसते?

एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या माणसाचे डोळे कधी निरखून पाहिले आहेत का? रस्त्याकडेच्या झाडामागोमाग ते सावकाश सरकतात, मग झटकन मागे येऊन पुढचे झाड पकडतात. हे आपण ठरवून करत नाही. दृश्य सरकले की डोळे आपोआप त्याच्यामागे जातात. वर्गात हे दाखवायचे तर एका डब्यावर काळे-पांढरे उभे पट्टे चिकटवा आणि तो विद्यार्थ्यासमोर सावकाश फिरवा.

अशीच परीक्षा जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातील संशोधकांनी फेरेट या प्राण्याची घेतली. फेरेट दिसायला मुंगसासारखा, पण कुळ पाणमांजराचे. बिळातले ससे हुसकावण्यासाठी युरोपात तो पूर्वापार पाळला जातो. काही फेरेट तपकिरी असतात, तर काही गुलाबी डोळ्यांचे, पांढरेशुभ्र, म्हणजे अल्बिनो. समोर ठिपक्यांचे दृश्य आडवे सरकवले तेव्हा तपकिरी फेरेटचे डोळे त्याच्यामागे गेले. अल्बिनोंचे गेलेच नाहीत. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

फेरेटमध्ये इतरही जन्मजात नेत्रदोष आढळतात. एखाद्या पिल्लाचा डोळा खुरटलेला असतो, एखाद्याला जन्मतः मोतीबिंदू असतो. पिल्लाचे डोळे उघडायलाच महिनाभर लागतो, त्यामुळे तोवर काही कळत नाही. पण हे दोष निदान नंतर तरी दिसतात. अल्बिनोचा दोष डोळ्यात पाहून पुरता कळत नाही, कारण त्यातला मोठा भाग डोळ्यामागच्या वाटेवर आहे.

प्रत्येक डोळ्यातून निघालेले चेतातंतू मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. तिथे फुली होते. नाकाकडच्या बाजूचे तंतू ओलांडून विरुद्ध बाजूच्या मेंदूत जातात, कानाकडच्या बाजूचे बरेचसे आपल्याच बाजूला राहतात. दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला एकच देखावा मेंदूत एकाच जागी जुळतो तो यामुळे. अल्बिनोमध्ये आपल्या बाजूला राहायचे अनेक तंतूही पलीकडे जातात, आणि ही जुळणी बिघडते.

रंगाचा आणि वाटेचा संबंध काय? दृष्टिपटलाच्या मागे काळसर रंगद्रव्याचा थर असतो. भ्रूणावस्थेत या थराच्या शेजारीच दृष्टिपटलाच्या पेशी वाढतात. रंगद्रव्य बनताना तयार होणारी रसायने या वाढीचा वेग राखतात, असे दिसते. रंगद्रव्य नसले की पेशींचे वेळापत्रक चुकते आणि तंतूंची वाटही. नेमकी साखळी अजून शोधली जात आहे.

असा दोष केवळ फेरेटचा नाही. रे गिलरी यांनी तो १९६९ साली सयामी मांजरात दाखवला आणि १९७३ साली सहकाऱ्यासह एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूत. पांढरा वाघ पाहायला प्राणिसंग्रहालयात गर्दी होते. त्यातल्या काहींचे डोळे तिरळे असतात, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

माणसातही हेच घडते. अशी मुले आपल्या वर्गांत असतात, आणि पुष्कळदा त्यांच्या गोऱ्या कातडीला कोड समजले जाते. कोड नंतर उमटते. रंगद्रव्याची ही उणीव जन्माची असते. या मुलांचे डोळे सतत थरथरतात, उजेड सोसत नाही. दृष्टिपटलाचा मधला, सर्वांत बारीक दिसणारा भाग पुरता घडलेला नसतो, म्हणून चष्मा लावूनही फळा स्पष्ट दिसत नाही. 'चष्मा आहे ना, मग वाच!' हे म्हणणे इथे गैरलागू आहे. खिडकीकडे पाठ करून पुढचा बाक आणि मोठ्या अक्षरांची पाने दिली तर काम बरेच सोपे होते. असे मूल वाचताना मान एका बाजूला कलती करत असेल, तर ती सरळ करायला लावू नये. बहुधा त्या कोनात डोळ्यांची थरथर सर्वांत कमी होते आणि अक्षर थोडे स्थिरावते.