मस्टर्ड हवं का, आजी?

दाराला मुठी दोन. माझ्या पुढचा दाढीवाला बाइकर एका मुठीला हिसका देतो, दार ढिम्म. आतून कोणीतरी फिस्सकन हसतं. उघडतं ते दुसऱ्या मुठीनं. ‘सॉरी, आम्ही चालू आहोत’ अशी पाटी लावणाऱ्या हॉटेलाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची!

हे अ‍ॅरिझोनातल्या सेलिगमनचं ‘स्नो कॅप’ ड्राइव्ह-इन. हुआन डेल्गादियो यांनी १९५३ साली रेल्वे यार्डातल्या भंगार लाकडांतून ते उभारलं. अंगणात टप कापलेली १९३६ सालची शेवरोले रंगरंगोटी करून उभी आहे. भिंतीवर जगभरच्या व्हिजिटिंग कार्डांचे थरावर थर. मेनूत ‘चीज घातलेला चीजबर्गर’ आहे आणि ‘मेलेली कोंबडी’ही.

या वात्रटपणामागे धंद्याची अक्कल आहे. २२ सप्टेंबर १९७८ ला इंटरस्टेट ४० हा हायवे गावाला वळसा घालून सुरू झाला आणि गावातून जाणाऱ्या जुन्या रूट ६६ वरच्या गाड्या एका दिवसात आटल्या. हुआनचे भाऊ एंजल गावचे न्हावी. त्यांनी १९८७ मध्ये चार गाववाले जमवून संघटना काढली आणि अ‍ॅरिझोना सरकारकडून या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ म्हणवून घेतलं. त्या पाटीनं गाड्या हायवेवरून खाली उतरवल्या; उतरलेल्यांना धरून ठेवलं ते स्नो कॅपच्या ऑर्डर घ्यायच्या खिडकीनं. हुआन २००४ साली गेले, पण थट्टा घरच्यांनी चालू ठेवली आहे. बर्गर ठीकठाक, खोटं कशाला बोला. मिल्कशेक मात्र असा घट्ट की चमचाच लागतो.

माझ्यामागे मराठी ऐकू येतं. लास वेगसहून ग्रँड कॅन्यनला निघालेलं कुटुंब. आजी साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्‌स शूज अशा थाटात खिडकीशी पोचतात.

“मस्टर्ड?” आतला माणूस अदबीनं विचारतो आणि उत्तराआधीच बाटली दाबतो. पिवळी धार थेट पदरावर!

“अगं बाई! नवी साडी!” आजी दोन पावलं मागे. पदर झटकतात तर डाग नाही. बाटलीच्या तोंडातून लोंबतोय पिवळा दोरा.

“आई, चल आता, कॅन्यनला उशीर होतोय,” मुलगा घड्याळ दाखवतो.

“कॅन्यन कुठं पळून जातोय?” आजी खिडकीतून हात घालून बाटली मागून घेतात, ती कशी दाबायची ते खुणेनं विचारतात आणि मुलाच्या पांढऱ्या टी-शर्टावर नेम धरतात.