पाठीवर बिऱ्हाड, हातात बॅट

धार असो की देवास, मराठी घरात चार पाहुणे जमले आणि यजमानांचा मुलगा क्रिकेट खेळतो असे कळले, की दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो. 'अरे वा! मग इंडियाकडून केव्हा?' मुलगा खाली बघतो, आई चहाचे कप उचलते आणि वडील म्हणतात, 'बघू, प्रयत्न चालू आहेत.' विचारणाऱ्या काकांच्या मनात काही वाईट नसते. पण त्या प्रश्नात एक हिशेब दडलेला असतो. इंडियाकडून खेळला तर खेळाडू, नाहीतर वेळ फुकट गेला!

हा हिशेब बरोबर आहे का?

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या सर्वांत वरच्या साखळीखाली आणखी तीन व्यावसायिक साखळ्या आहेत. तिथे अशी माणसे भेटतात की ज्यांनी पंधरा वर्षांत सात-आठ क्लब बदललेले असतात. वर्ष-दोन वर्षांचा करार, तो संपला की सामान बांधायचे, नवे गाव, नवे भाड्याचे घर, मुलांना नवी शाळा. ही माणसे देशाकडून कधी खेळत नाहीत. त्यांच्यासाठी इंग्रजीत जो शब्द वापरतात, तो मुळात कारागिरांचा आहे. उमेदवारी संपवून हातात कसब आलेला, पण स्वतःची पेढी नसलेला, काम असेल तिथे रोजंदारीवर जाणारा तयार कारागीर. आपल्या भाषेत सांगायचे तर पाठीवर बिऱ्हाड!

असाच एक तयार कारागीर आपल्या माळव्यात येऊन गेला. नाव भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर. जन्म कोल्हापूरचा, १२ डिसेंबर १९१९. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून ते खेळले. सामने ८०, धावा ४,८४१, शतके १२. कसोटी सामने शून्य.

देवासच्या नोकरीतले हजारे

भाऊसाहेबांची गोष्ट समजायची तर तो काळ आधी समजला पाहिजे. खेळाडूला लिलावात कोटी रुपये मिळण्याचा तो काळ नव्हता. रणजी सामन्यांच्या पैशांवर घर चालत नसे. घर चालायचे नोकरीवर, आणि नोकरी असायची संस्थानात. राजेसाहेबांना खेळाची आवड असली, की चांगल्या फलंदाजाला लष्करात हुद्दा नाहीतर दरबारात काम मिळे. संस्थानिक बदलला की खेळाडूचा संघही बदले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या देवासचेच आहे. विजय हजारे सांगलीचे, एका शिक्षकाचे चिरंजीव. पुढे भारताचे कर्णधार झाले. पण उमेदीच्या वर्षांत ते देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांच्या पदरी होते आणि सेंट्रल इंडियाच्या संघाकडूनही खेळले. ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत पुस्तकी नव्हती, पण ती बदलू नकोस असाच सल्ला ग्रिमेटनी दिला. पुढे हजारे बडोद्याला गेले. १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी २८८ धावा केल्या आणि गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी रचली. समोर कोण? आपल्या शेजारच्या इंदूरचा होळकर संघ! ज्या माळव्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्धच ही बॅट तळपली. पण त्याबद्दल कुणी त्यांना नावे ठेवली नाहीत. कारागिराने जिथे काम घेतले तिथे ते चोख करायचे, हा त्या काळचा धर्मच होता.

परदेशातही हेच होते. इंग्लंडच्या लँकेशायर भागात गिरण्यांच्या छोट्या गावांचे क्लब एक पगारी खेळाडू ठेवत. शनिवारी सामना. त्याने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि जमलेली चिल्लर त्याची. आपले अमरसिंह कोलन या गावाकडून खेळले, सुभाष गुप्ते रिश्टनकडून. १९५२ मध्ये विनू मांकड हॅसलिंग्डन क्लबच्या करारात होते. भारतीय संघाला त्यांना लॉर्ड्सच्या कसोटीसाठी क्लबकडून मागून घ्यावे लागले, आणि तिथे त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. खेळाडूलाही पोट असते, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांना उघड दिसत होती.

इंदूरचे दिवस

भाऊसाहेबांचे बिऱ्हाड इंदूरला आले तेव्हा होळकर संघ ऐन भरात होता. यशवंतराव होळकर महाराजांचा आश्रय आणि सी. के. नायडूंचे नेतृत्व. होळकरांच्या लष्करात नायडूंना आधी कॅप्टन आणि पुढे कर्नल हुद्दा मिळाला होता, आणि संघही ते लष्करी शिस्तीतच चालवत. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा मोसमांत हा संघ दहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा करंडक घेऊन आला. देवासहून तासाभराच्या, धारहून दीड-दोन तासांच्या वाटेवर देशातला सर्वांत बलाढ्य संघ खेळत होता!

१९४६ मधला म्हैसूरविरुद्धचा उपान्त्य सामना आठवा. होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतके झाली: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, प्रतापसिंह १००. आणि या सगळ्यांत मोठी खेळी भाऊसाहेबांची, १७२. या यादीतली मराठी आडनावे मोजा, म्हणजे माळव्यातल्या मराठी माणसाला या संघाचे एवढे प्रेम का होते ते कळेल.

भाऊसाहेब नुसते फलंदाज नव्हते. ते मध्यमगती गोलंदाजी करत, कारकिर्दीत त्यांनी ५८ बळी घेतले. वेळ पडली तर यष्टिरक्षणाचे ग्लोव्हजही चढवत. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याला हे जमावेच लागते. नव्या गावात तुमच्यासाठी जागा रिकामी ठेवलेली नसते. जी रिकामी असेल ती भरून काढायची तयारी लागते.

चारशे त्रेचाळीस

डिसेंबर १९४८. त्या मोसमात भाऊसाहेब महाराष्ट्राकडून खेळत होते. एकोणतिसावा वाढदिवस होऊन चार दिवस झाले होते. पुण्यात काठियावाडविरुद्ध सामना सुरू झाला. काठियावाड २३८ धावांत बाद झाले. मग भाऊसाहेब आणि कमल भांडारकर यांची जोडी जमली. दोन वर्षांपूर्वी इंदूरला एकाच डावात शतके ठोकणारी ही दोघे पुण्यात पुन्हा एकत्र आली होती. दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी झाली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले, भाऊसाहेब थांबलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मध्यंतराला धावफलकावर ४ बाद ८२६ होते आणि भाऊसाहेब नाबाद ४४३. ४९ चौकार, १ षटकार. जागतिक विक्रम होता डॉन ब्रॅडमनचा, १९३० मध्ये सिडनीला केलेला, नाबाद ४५२. बरोबरीला नऊ धावा, विक्रमाला दहा. म्हणजे दोन-तीन षटकांचे काम. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी मध्यंतरातच सामना सोडून दिला. त्यांचा संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही. आपल्याविरुद्ध जागतिक विक्रम झाला ही नोंद त्यांना नको होती.

भाऊसाहेबांचे नाव निघाले की लोक इथे हळहळतात. पण याहून मोठी हळहळ वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे. नेमक्या त्याच वेळी वेस्ट इंडीजचा संघ भारतात आलेला होता. मुंबईची कसोटी पुण्यातल्या सामन्याच्या तीनच दिवस आधी संपली होती. कोलकात्याची कसोटी ३१ डिसेंबरला सुरू व्हायची होती, त्यानंतर मद्रासची आणि पुन्हा मुंबईची. हातात नाबाद ४४३ धावा, वय एकोणतीस, समोर तीन कसोटी सामने, आणि तरीही निवड नाही! पुढच्या मोसमात राष्ट्रकुल संघाविरुद्ध एका अनधिकृत कसोटीत ते खेळले. भारताच्या संघाशी त्यांचा संबंध एवढाच.

निवड समितीच्या मनात काय होते, यावर आज तर्क करण्यात अर्थ नाही. भाऊसाहेबांनी पुढे काय केले हे पाहण्यात मात्र अर्थ आहे.

नकाशा बदलला, बॅट तीच

त्यांनी खेळणे सोडले नाही. ते पुन्हा इंदूरला आले. होळकर संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झाले होते. संस्थान गेले, पण संघ आणखी सात वर्षे टिकला. १९५२-५३ च्या अंतिम सामन्यात कोलकात्यात बंगालने ४७९ धावांचा डोंगर उभा केला. उत्तरात भाऊसाहेबांनी २१९ धावा केल्या, होळकर संघ ४९६ पर्यंत पोचला आणि पहिल्या डावातल्या अवघ्या सतरा धावांच्या आघाडीवर करंडक इंदूरला आला. होळकर संघाचा तो शेवटचा करंडक. पुण्याची खेळी सगळ्यांना पाठ आहे. पण संघाच्या दृष्टीने पाहिले तर कोलकात्याचे ते द्विशतक अधिक मोलाचे होते, असे आम्हाला वाटते. ४४३ मधल्या निम्म्या धावा कमी झाल्या असत्या तरी महाराष्ट्राला आघाडी मिळालीच असती. इथे वीस धावा कमी पडल्या असत्या तर करंडक बंगालकडे राहिला असता.

मग होळकर हे नावही पुसले गेले आणि मध्य भारत आले. सहा संघांपैकी हा एक बदल असा, की त्यात खेळाडू हललाच नाही, नकाशा हलला! त्यानंतर राजस्थान, आणि अखेर रेल्वे. रेल्वेचा संघ रणजीत उतरला तोच मुळी १९५८-५९ मध्ये, म्हणजे तेव्हा भाऊसाहेब एकोणचाळिशीला टेकले होते. जिथे गेले तिथे धावा केल्या. रणजी करंडकातली त्यांची सरासरी ५६.७२ आहे. पंचविसाच्या आसपास वर्षे, सहा ड्रेसिंग रूम आणि ही सरासरी. याला सातत्य म्हणतात.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर

उतारवयात क्रिकेट मंडळाने भाऊसाहेबांना जीवनगौरव पुरस्कार दिला. तो कर्नल सी. के. नायडूंच्या नावाचा आहे, म्हणजे त्यांच्या इंदूरच्या कर्णधाराच्या नावाचा! ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरात गेले. देवासचे विक्रमसिंहराव महाराजही १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले होते. माळवा आणि कोल्हापूर यांची ये-जा अशी जुनी आहे.

रणजी करंडकात चारशेच्या पुढे गेलेले भाऊसाहेब आजही एकटेच आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉने ३७९ केल्या, तोही चौसष्ट धावा मागे राहिला.

आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांची परंपरा संपलेली नाही. मुंबईचे यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित कारकिर्दीच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशकडून खेळायला आले. १९९८-९९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ बंगळूरला अंतिम सामना हरला. पुढे प्रशिक्षक होऊन ते विदर्भाला गेले, तिथे लागोपाठ दोन करंडक जिंकून दिले आणि पुन्हा मध्य प्रदेशात परतले. जून २०२२ मध्ये त्याच बंगळूरला, त्यांच्याच मुंबईला हरवून मध्य प्रदेशने पहिला रणजी करंडक जिंकला. ज्याने चार गावचे पाणी प्यायले त्याच्या गाठीला जे असते, ते एका जागी बसून मिळत नाही.

तेव्हा पालकहो, मुलगा किंवा मुलगी खेळत असेल तर दोन गोष्टी जरूर बघा. एक, हातात कसब येते आहे का, आणि एकच नव्हे, दोन-तीन कामे येतात का. दुसरी, पोटापाण्याची सोय. शिक्षण, नोकरी यांचा विचार खेळाच्या जोडीने करा, खेळ संपल्यावर नको. भाऊसाहेबांच्या पिढीने संस्थान आणि रेल्वे यांच्या आधारावरच बॅट हातात ठेवली होती. वरची जागा मिळणे न मिळणे आपल्या हातात नसते. नाबाद ४४३ करूनही ती मिळत नाही, हे आपण पाहिलेच!

आणि पुढच्या वेळी काकांनी 'इंडियाकडून केव्हा?' असे विचारले, तर मुलाला खाली बघू देऊ नका. काकांना चहा द्या, बसवा आणि भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगा.