बिऱ्हाड चाकांवर

दोस्तांनो, लांबच्या प्रवासात तुमची गाडी कधी बंद पडली आहे? एसटी घाटात थांबते. ड्रायव्हरकाका खाली उतरतात, चाकाकडे बघून मान हलवतात. कंडक्टर म्हणतो, "पाच मिनिटं", आणि त्या पाच मिनिटांचा चांगला दीड तास होतो. मोठी माणसं वैतागून घड्याळाकडे बघत बसतात, मुलं मात्र केव्हाच करवंदांच्या जाळीत शिरलेली असतात!

आता समजा, बंद पडलेल्या त्या गाडीतच तुमचं घर आहे. पलंग, शेगडी, फ्रीज, कपड्यांचं कपाट, सगळं काही आत. बाहेर धो धो पाऊस आहे, रविवार असल्यामुळे दुकानं बंद आहेत आणि सोबतीला फक्त एक कुत्रा आहे. अशी वेळ १९६० साली अमेरिकेत एका नामांकित लेखकावर आली होती. त्यांचं नाव जॉन स्टाइनबेक. पुढे १९६२ साली त्यांना साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं.

स्टाइनबेक तेव्हा ५८ वर्षांचे होते. नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. अशा वेळी घरात शांत बसावं की नाही? पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. आपण आयुष्यभर अमेरिकेबद्दल लिहिलं, पण गेली पंचवीस वर्षं आपला देश नीट पाहिलाच नाही, जुन्या आठवणींवरच लिहीत आलो! मग त्यांनी ठरवलं, देश पाहायचा. तोही हॉटेलात उतरून नाही, कारण तिथे लोक ओळखणार, हार-तुरे होणार आणि खरं कोणी बोलणार नाही.

म्हणून त्यांनी एक दणकट ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर छोटी खोली बसवून घेतली. आत दोघांपुरता पलंग, चार बर्नरची शेगडी, फ्रीज आणि थंडीसाठी हीटर. बाहेरच्या बाजूला नाव रंगवलं, 'रोसिनांते'. डॉन किहोते हा पवनचक्क्यांशी लढायला निघालेला वेडा सरदार तुम्हांला गोष्टींतून ठाऊक असेल. त्याच्या मरतुकड्या घोड्याचं हे नाव!

सोबतीला होता चार्ली, म्हातारा होत चाललेला मोठा पूडल कुत्रा. तो जन्मला फ्रान्समध्ये, त्यामुळे हुकूम फ्रेंचमध्ये दिला की पटकन ऐकायचा. इंग्रजीत दिला की आधी मनात भाषांतर करत बसायचा, असं स्टाइनबेक गमतीनं म्हणत.

२३ सप्टेंबर १९६० या दिवशी न्यूयॉर्कजवळच्या सॅग हार्बर गावातून ही जोडी निघाली. या फिरत्या घरातली सर्वांत मजेदार वस्तू कोणती, सांगू? धुलाईयंत्र! एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात गरम पाणी, साबण आणि मळके कपडे भरायचे आणि डबा ताणल्या जाणाऱ्या दोरीनं आत टांगून ठेवायचा. दिवसभर रस्त्याचे धक्के बसून कपडे आपोआप घुसळले जायचे. खड्डे जास्त, तेवढी धुलाई चांगली! (आपल्याकडच्या काही रस्त्यांवर तर सतरंज्यासुद्धा स्वच्छ निघतील.)

उत्तरेकडून देश ओलांडत ते यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले. "आमचा चार्ली अगदी गरीब, कोणाच्या वाटेला जात नाही," असं त्यांनी दारावरच्या वनरक्षकाला छातीठोकपणे सांगितलं. थोडं पुढे जातात न जातात, तोच रस्त्याच्या कडेला अस्वल दिसलं आणि या गरीब चार्लीच्या अंगात जणू वाघ संचारला! तो दात विचकून काचेवर धडका मारू लागला. शेवटी उद्यान न बघताच गाडी मागे फिरवावी लागली.

आणि मग आला ऑरेगन राज्यातला तो रविवार. पाऊस कोसळत होता. अचानक धडाम्! मागचा टायर फुटला होता. चूक कोणाची म्हणाल, तर खुद्द मालकांचीच. पुस्तकं, हत्यारं, खाण्याचे डबे, 'लागलं तर असू दे' म्हणून त्यांनी इतकं सामान भरलं होतं, की बिचाऱ्या चाकांचा जीव मेटाकुटीला आला होता. वजन प्रमाणाबाहेर गेलं, की टायरच्या बाजू सारख्या दबतात, सारख्या फुगतात, त्यातून रबर तापतं आणि शेवटी हार खातं. स्टाइनबेक चिखलात आडवे होऊन चाक बदलू लागले. ते कसंबसं बदललं, तर दुसऱ्या मागच्या टायरलाही फुग्यासारखा टेंगूळ आलेला! तोही केव्हा फुटेल याचा नेम नव्हता. त्या मापाचे जाड टायर कुठेही मिळण्यासारखे नव्हते.

जपून जपून गाडी चालवत ते एका छोट्या गावातल्या पेट्रोलपंपावर पोचले. तिथला माणूस दिसायला असा भयंकर, चेहऱ्यावर व्रण, डोळा भेसूर, की आपण तर पंप सोडून पळालो असतो. पण त्यानं गाडी पाहिली, टायर पाहिले आणि सरळ फोन उचलला. या गावात विचार, त्या गावात विचार, असं करत त्यानं टायर शोधून काढले. ते आणायला आपल्याच नात्यातल्या माणसाला पिटाळलं. रविवारी, भर पावसात, एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी! अवघ्या चार तासांत रोसिनांते नव्या टायरांवर उभी राहिली. स्टाइनबेक इतके भारावून गेले, की त्या माणसाचं भलं होवो, अशी प्रार्थनाच त्यांनी लिहून ठेवली.

नव्या टायरांवर ते पोचले रेडवूडच्या जंगलात. मुलांनो, ही झाडं म्हणजे काय विचारता! मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे ना? जगातलं सर्वांत उंच जिवंत झाड हे कॅलिफोर्नियातलं एक रेडवूडच आहे. ते २००६ साली सापडलं आणि त्याची उंची आहे सुमारे ११५ मीटर. काही रेडवूडचं वय दोन हजार वर्षांच्याही पुढे जातं. म्हणजे आपली वेरूळची कैलास लेणी कोरली जात होती, तेव्हा ही झाडं आधीच म्हातारी होती. त्यांच्या सावलीत भर दुपारी संधिप्रकाश असतो. स्टाइनबेक तिथे दोन दिवस राहिले. आपल्या लाडक्या कुत्र्यानं जगातल्या सर्वांत थोर झाडापाशी पाय वर करावा, अशी त्यांची फार इच्छा! पण चार्लीनं त्या प्रचंड बुंध्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला ते झाड वाटलंच नसावं. मग मालकांनी एक हिरवी फांदी तोडून बुंध्याला टेकवून रोवली, तेव्हा कुठे स्वारी राजी झाली.

पुढे टेक्सासात एका गाडीखालून उडालेल्या खड्यानं रोसिनांतेची काच फुटली. त्याच वेळी चार्लीही आजारी पडला. काच गॅरेजात, चार्ली गुरांच्या डॉक्टरांकडे, असे काही दिवस गेले. दोघंही दुरुस्त झाले.

त्यानंतरचा मुक्काम मात्र वेगळा होता. न्यू ऑर्लिन्स शहरात १४ नोव्हेंबर १९६० पासून रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी शाळेत जाऊ लागली होती. तोवर ती शाळा फक्त गोऱ्या मुलांची होती. कायदा रूबीच्या बाजूनं होता, पण रोज शाळेबाहेर गर्दी जमून तिला शिव्याशाप द्यायची. त्यात कोणाकोणाच्या आयाही होत्या. सरकारी अधिकारी तिला मधे घेऊन आत न्यायचे. स्टाइनबेकनी ट्रक लांब उभा केला आणि टॅक्सीनं जाऊन हे पाहिलं. मोठे धिप्पाड अधिकारी आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या फ्रॉकातली एवढीशी पोर. त्या दिवशी शहरातल्या नामांकित हॉटेलात जेवायचा त्यांचा बेत होता. पण त्यांची भूकच मेली. मुकाट्यानं त्यांनी शहर सोडलं. वर्गात गोऱ्या मुलांनी येणं बंद केल्यामुळे रूबी वर्षभर एकटीच बाईंसमोर बसून शिकली. एवढं होऊनही तिनं शाळा सोडली नाही!

या प्रवासावर स्टाइनबेकनी लिहिलेलं पुस्तक १९६२ साली आलं. पुढे २०१० मध्ये एक अमेरिकन पत्रकार त्याच वाटेनं फिरला आणि त्यानं दाखवून दिलं, की बऱ्याच रात्री लेखकमहाशय गाडीत नाही, हॉटेलात झोपले होते आणि काही संवाद रचलेले असावेत. म्हणजे पुस्तकात थोडं मीठमसाला आहेच, तेव्हा पंपावरची गोष्टही तेवढ्याच बेतानं घ्यायची. मला ती खरी असावी असं वाटतं खरं. रूबीची गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे.

रोसिनांते आज स्टाइनबेकच्या जन्मगावी, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासमध्ये, त्यांच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे. तिच्या शेवटच्या दिवसाची गंमत सांगायची राहिली. सुमारे दहा हजार मैल, म्हणजे सोळा हजार किलोमीटर हिंडून स्टाइनबेक न्यूयॉर्क शहरात शिरले. तिथल्या गर्दीत त्यांचा रस्ता चुकला. गाडी कडेला घेऊन ते एकटेच हसत सुटले. पोलीस चौकशीला आला, तर त्याला सांगतात काय, "मी माझ्याच गावात हरवलोय!"